दहा ऑगस्टला तुमचा आजा कुठं होता?

(विटा इथं झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे. मधली चहाची सुट्टी आणि घोषणा तेवढ्या गाळल्या.)



माझ्या आधी बोललेले साथी शिकलेले आहेत. त्यांनी व्यवस्था उलगडून दाखवली, वर्ग सांगितला, वर्ण सांगितला. मी नववी नापास. मी भाषण लिहून आणलेलं नाही. आणली आहे ती ही पिशवी. बघा, सराफाच्या जाहिरातीची कापडी पिशवी आहे. हिच्यात आमच्या संसाराचे सगळे कागद आहेत. परवा माझ्या पोरीनं किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर सव्वा किलो भरली. सव्वा किलो कागद! आणि तरीसुद्धा आम्ही नवरा-बायको मिळून कुठले, हे सांगणारा एक कागद त्यात नाही. आज तेवढंच बोलायचंय.

तुम्ही विट्याची पोरं, गलाई म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण पुण्या-मुंबईकडचेही साथी समोर दिसतात, त्यांच्यासाठी सांगतो. जुनं सोनं, मोडीचे दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोटीची माती, हे सगळं भट्टीत घालून, मुशीत वितळवून, तेजाबात टाकून त्यातनं चोख सोनं-चांदी काढायची, ही गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा पट्टा पाऊस न पडणारा. रानात काही पिकत नाही, म्हणून इथली माणसं ही कला हाताशी धरून देशभर गेली. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, कलकत्ता. १९७२ च्या दुष्काळानं तर गावंच्या गावं बाहेर ढकलली. आज भारतातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, मागच्या गल्लीत आपल्याकडचं माणूस भेटतं. त्यातले काही मोठे शेठ झाले, त्यांनी गावाकडं बंगले बांधले, देवळं बांधली.

आमच्या वस्तीतली पोरंही गेली. पण दुकान टाकायला भांडवल लागतं, भांडवलाला तारण लागतं, तारणाला जमीन लागते. त्यामुळं आमच्या वाट्याला दुकान आलं नाही, भट्टी आली. २००५ साली अठराव्या वर्षी मी एका शेठबरोबर कोइमतूरला गेलो. दिवसभर तेजाबाचा पिवळा धूर छातीत घ्यायचा आणि रात्री दुकानाच्या वरच्या माळ्यावर झोपायचं. पत्ता काय? शेठच्या दुकानाचा. कुणी विचारलं तर सांगायचं, भाच्याचा मित्र आहे, चार दिवसांसाठी आलाय. चार दिवसांचे पंधरा वर्षं झाले, पत्ता काही माझा झाला नाही.

२०११ साली लग्न झालं. बायको जतच्या पलीकडची, विजापूर जिल्ह्यातली. आमच्यात हे नवं नाही. माझी आत्या तिकडं दिली आहे, तिच्या जावेची बहीण इकडं. मराठी-कानडी दोन्ही चालतं. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. बौद्धाचार्य होते, पत्रिका होती, पंचशील झालं, पंगत उठली. नोंदणी? कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. माळ्यावर पडदा लावला आणि संसार सुरू केला. पोरगी तिथंच झाली.

मग २०२० आलं. मार्चमध्ये दुकान बंद झालं, मे महिन्यात आम्ही गावाला आलो. कसे आलो ते सांगत बसलो तर रात्र होईल. शाळेत चौदा दिवस ठेवलं. सरकारनं जाहीर केलं की, कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य, दोन महिने. आम्ही रांगेत उभे राहिलो. दुकानदार म्हणाला, "तू तर गावचाच की, तू कसला स्थलांतरित?" बरं. मग गावचा म्हणून धान्य दे. तर म्हणाला, "तुझं नाव कार्डावर कुठं आहे? कमी झालंय, बाहेरगावी असतो म्हणून."

म्हणजे बघा हं. बाहेरचा म्हणून मिळत नाही, कारण मी गावचा. गावचा म्हणून मिळत नाही, कारण मी बाहेरचा. आणि बायकोचं तर दोन्हीकडून नाही. तिचं नाव तिच्या बापाच्या कार्डावर, कर्नाटकात. तिथनं कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथं चढत नाही. तो दाखला आणायला जायचं तर सरहद्दीवर पास. तो आणला सहा महिन्यांनी. तर इथं म्हणाले, इष्टांक संपलाय. इष्टांक म्हणजे सरकारनं आधीच ठरवून ठेवलेला आकडा. इतक्या लोकांना भूक लागेल, त्याच्या पुढं कुणाला लागणार नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय की, घरातली अठरा वर्षांवरची थोरली बाई ही कार्डाची कुटुंबप्रमुख. किती छान कायदा! माझी बायको कागदावर कुटुंबप्रमुख व्हायला पात्र आणि त्याच कागदावर तिचं नावच नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्र-गुजरातेत आणि पुढं देशभर 'एक देश, एक रेशन कार्ड' आलं, कुठंही धान्य घ्या. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते कार्ड फिरवण्याची सोय आहे. ज्याला कार्डच नाही त्यानं काय फिरवायचं?

असो. रेशनचं झालं शेवटी, दीड वर्षानं. धान्य मिळतंय. मी इथं रेशनसाठी रडायला उभा नाही.

पोरीच्या शाळेसाठी जातीचा दाखला काढायचा होता. तो बापाकडनं मिळतो, म्हणून आधी माझा पाहिजे. कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, कारण ती कचेरी सगळीकडंच आहे. खिडकीतल्या बाबानं आधी "या, बसा" केलं. आडनाव सांगितल्यावर "अरे, काय काय आणलंयस?" झालं. मग त्यानं विचारलं, "दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नासला तुझा आजा कुठं होता?"

हसू नका. हा प्रश्न तुम्हालाही विचारणार आहेत. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी काढली. त्या दिवशी तुमचं घराणं ह्या राज्यात राहत होतं, हे दाखवायला लागतं. भटक्या-विमुक्तांना तारीख वेगळी, २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे ज्यांचं नावच भटके, त्यांना विचारायचं, त्या तारखेला तुम्ही कुठं मुक्कामाला होता!

माझा आजा १० ऑगस्ट १९५० ला कुठं असणार? गुरुवार होता. कुणाच्या तरी बांधावर असणार. सातबारा नाही, कारण जमीन नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. पण मित्रांनो, माझ्या आज्याचा बाप कोण होता? गावकामगार महार. सरकारी टपाल पाठीवर घेऊन एका कचेरीतनं दुसऱ्या कचेरीत पळणारा तो. साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवणारा तो. गावात कुणी मेलं तर पाहुण्यांना सांगावा घेऊन जाणारा तो. आणि दोन गावांत शिवेवरनं भांडण लागलं की शीव कुठनं जाते हे महारानं सांगायचं आणि त्याची साक्ष मानायची, ही जुनी रीत. पाटलाची जमीन कुठपर्यंत हे आम्ही सांगायचं! ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरली, त्याच्या पणतूला आज विचारतात, तू ह्या गावचा कशावरनं?

शेवटी चुलत आजा कामाला आला. तो दोन वर्षं शाळेत गेला होता, चावडीबाहेर बसून का होईना. शाळेच्या रजिस्टरात नाव निघालं. जात महार, जिल्हा सातारा. मी नाचत कचेरीत गेलो. बाबा म्हणाला, "हा सातारा जिल्हा आहे. तू सांगली जिल्ह्याचा."

आता ह्याला काय म्हणायचं? खानापूर तालुका आधी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. आपण दक्षिणेत. १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे त्यांच्या लाडक्या १० ऑगस्ट १९५० ला सांगली नावाचा जिल्हाच अस्तित्वात नव्हता! आटपाडीच्या पोरांचं तर आणखी पुढं. त्यांचा तालुका औंध संस्थानात. १९४८ ला संस्थान विलीन झालं. तेव्हा आपण हललो नाही मित्रांनो, हद्दी हलल्या. आमचं खोपट जागच्या जागी होतं, त्याच्यावरनं तीन सरकारं गेली. आणि पुरावा कुणी द्यायचा? आपण. राज्याचा जात प्रमाणपत्राचा जो कायदा २००१ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे, त्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट आहे की, सिद्ध करायचा भार अर्जदारावर.

त्यात पुन्हा चुलत आजा महार आणि बाप बौद्ध. बाबा म्हणाला, "हे घराणं एकच कशावरनं?" त्याला १४ ऑक्टोबर १९५६ माहीत नाही. महाराष्ट्रानं १९६० पासून बौद्धांना सवलती चालू ठेवल्या, केंद्रानं मान्य करायला १९९० उजाडलं, हेही माहीत नाही. मी सांगितलं. तो म्हणाला, लिहून आण. लिहून नेलं. चौदा महिन्यांनी दाखला हातात पडला.

हे माझं झालं. मी पुरुष, माझा बाप इथला, माझं गाव इथलं. खरी गोष्ट तिची आहे आणि ती सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे.

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली. वस्तीतल्या बायका एका रात्री आमच्या दारात जमल्या. म्हणाल्या, ही उभी राहील. का? तर लॉकडाऊनमध्ये ह्या बाईनं शाळेतल्या सगळ्या बायकांचे अर्ज लिहिले होते. ती बारावी झाली आहे, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं. कानडी लिहिते, मराठी लिहिते, कोइमतूरला राहून तमिळही बोलते. गावच्या टाकीचं पाणी वस्तीला तिसऱ्या दिवशी येतं, ते का, हे तिनं कागदावर मांडलं होतं. मतदार यादीत नाव होतं. लग्न होऊन आलेली बाई, राहते इथं, मत इथं. पण राखीव जागेला जातीचा दाखला पाहिजे.

अर्ज केला. जात महार. तिच्या बापाचा दाखला कर्नाटकाचा. महार ही जात कर्नाटकाच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत आहे. दोन्हीकडं तीच अक्षरं. तरीही उत्तर काय आलं? तुम्ही परराज्यातून स्थलांतरित. तुमच्या जातीचा दाखला देता येईल, पण तो बापाच्या राज्याचा संदर्भ लिहून. महाराष्ट्राच्या आरक्षणाला तो चालणार नाही.

मी म्हणालो, साहेब, ती स्थलांतरित नाही, ती माझी बायको आहे. साहेब सज्जन होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी खुर्ची दिली आणि कायदा समजावला. घटनेच्या कलम ३४१ प्रमाणं यादी त्या त्या राज्यापुरती. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं, तेनालीहून बापाच्या नोकरीमुळं लहानपणी मुंबईत आलेल्या एका आदिवासी पोराच्या मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात. १९९४ ला पुन्हा सांगितलं. ३० ऑगस्ट २०१८ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं. आणि त्याच वर्षी, लग्न करून पंजाबातनं उत्तराखंडात गेलेल्या वाल्मीकी समाजाच्या बाईलाही हेच सांगितलं. लग्नानं राज्य बदललं तरी आरक्षण बरोबर येत नाही.

घरी येताना एसटीत ती एकच वाक्य बोलली. "अहो, इथं आल्यापासनं पाण्याला गेले तर घागर लांबनं ओततात. ते कुठल्या राज्याच्या यादीनं ओततात?"

मी ह्या वाक्यावर दोन वर्षं विचार करतोय. कलम १९ सांगतं, भारताच्या कुठल्याही भागात राहायचा आणि स्थायिक व्हायचा हक्क आहे. ठीक. राहायला कुणी अडवत नाही. पण जात सरहद्द ओलांडते, तिला पास लागत नाही. तिच्यावरचा उपाय मात्र नाक्यावर उतरवून घेतात.

आणि कुठली सरहद्द? १० ऑगस्ट १९५० ला विजापूर कुठं होतं? मुंबई राज्यात! विटा कुठं होतं? मुंबई राज्यात! माझा आजा आणि तिचा आजा त्या गुरुवारी एकाच राज्याचे रहिवासी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ ओढली, विजापूर म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. आता गंमत बघा. पुरावा मागताना १९५० ची तारीख धरायची आणि हद्द मात्र आजची धरायची. साताऱ्याच्या कागदाला म्हणायचं जिल्हा बदलला, विजापूरच्या माणसाला म्हणायचं राज्य बदललं. बदल त्यांचा, दंड आपल्याला.

सीमाप्रश्नावर ह्यांची भाषणं ऐका. महाराष्ट्र ८६५ गावं मागतो, २००४ पासून न्यायालयात आहे. २०२२ ला तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या जत तालुक्यातली चाळीस गावं मागितली, तेव्हा इकडं एसट्यांना काळं फासणं, तिकडं ट्रकवर दगड. एकेका गावासाठी जीव टाकतात! पण त्याच गावातली एक महाराची पोर लग्न करून स्वतःच्या पायानं महाराष्ट्रात आली, तर तिला परराज्यातली म्हणतात. ह्यांना जमीन पाहिजे, माणूस नको.

आता एक कडू गोष्ट. हे मी चळवळीतल्या पोरांना सांगितलं तेव्हा आपल्यातलाच एक जण म्हणाला, "दादा, हे उघडलं तर कर्नाटकातनं, आंध्रातनं माणसं येऊन आपल्या जागा खातील." त्याची भीती खोटी नाही. जागा थोड्या, पोरं हजारो. एक जात एका राज्यात दबलेली, दुसऱ्या राज्यात तेवढी नसेल, हेही खरं. न्यायालयानं मांडलेला मुद्दा अगदीच पोकळ नाही. बाबासाहेबांच्या घटनेतलंच कलम आहे, राज्याराज्यात अस्पृश्यतेचं रूप वेगळं म्हणून यादी वेगळी. पण मी त्या भावाला विचारतो, जागा वाचवायच्या म्हणून तू स्वतःच्या वहिनीला नाक्यावर उभी करणार? पुरुष राज्य सोडतो तो बहुतेक वेळा कामासाठी. बाई सोडते ती रीत म्हणून. तिला माहेर सोडायला लावणारे आपण, आणि सोडलं म्हणून तिचा हक्क जातो तेव्हा गप्प बसणारेही आपणच.

आणि संसदेला हे करता येतं. १९७६ साली तिनं एक दुरुस्ती केली आहे. त्याआधी एकाच राज्यात एका भागात जात अनुसूचित, दुसऱ्या भागात नाही, असं होतं. जिल्हा ओलांडला की दाखला मेला. ती राज्याच्या आतली कुंपणं संसदेनं बहुतेक ठिकाणी काढली. मग जी जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, तिच्यातल्या लग्न होऊन आलेल्या बाईपुरतं कुंपण काढायला काय आभाळ कोसळतं?

बाबासाहेबांचं नाव घेतलं तर त्यांच्या घरचंच बघा. सुभेदार रामजींचं गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्हा. भीमाबाईंचं माहेर मुरबाडचं, ठाणे जिल्हा. लेकरू जन्मलं १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत, आज ते मध्य प्रदेशात. पेन्शन झाल्यावर दापोली, मग सातारा. भीमाबाई साताऱ्यातच गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, रजिस्टरात १९१४ नंबरला नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. तिथनं मुंबई. आता हे जोडपं आज खिडकीत उभं करा. मूळ गाव एक, माहेर दुसरं, जन्म तिसरीकडं, शाळा चौथीकडं. अधिवासाला पंधरा वर्षं सलग वास्तव्य पाहिजे. कुठलं दाखवणार? खिडकीतला बाबा काय म्हणेल? "सुभेदार, उद्या या."

अमेरिकेत, इंग्लंडात शिकून माणूस बडोद्याला नोकरीला गेला, तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहायला लागलं, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. ह्या आठवणी त्यांनी लिहिल्या, त्याला नाव दिलं त्यात 'व्हिसा' शब्द आहे. स्वतःच्या देशात व्हिसा! आणि ज्या घटनेचा हवाला आपल्याला देतात त्या घटना समितीत बाबासाहेब पहिल्यांदा गेले ते १९४६ साली बंगालमधून. फाळणी झाली, जागा गेली, तेव्हा १९४७ ला मुंबईतनं. बंगालच्या लोकांनी त्यांना विचारलं नाही की, दादा, तुमचा आजा कुठला.

हा एकट्या माझ्या घरचा प्रश्न असता तर मी इथं उभा राहिलो नसतो. दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत काय लिहितात? एक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल दोघांची एक, हिशोब एक. कामाला जोडपं एक धरायचं, म्हणजे बाईला वेगळी मजुरी नको. आणि कागदाला आलं की दोघं दोन गावची, बाईनं बापाचा पुरावा आणायचा. मालकाला फायद्याचं तेव्हा एक, सरकारला सोयीचं तेव्हा दोन. गलाईच्या माळ्यावर माझ्या बायकोनं पंधरा माणसांचा स्वैपाक केला, त्याचा पगारही माझ्या पगारात 'धरलेला' होता. मी तेव्हा बोललो नाही, हेही सांगून टाकतो.

सोन्याचं बघा. कोइमतूरला टंच काढलेलं सोनं विट्यात आणलं तरी त्याचा टंच तोच राहतो. कुणी विचारत नाही, ह्याचा आजा कुठल्या खाणीतला.

तर ती जागा. ती जागा रिकामी राहिली नाही. गावातल्या बड्या माणसाच्या शेतावर राबणाऱ्या घरातली एक बाई उभी केली, बिनविरोध आली. बिचारी चांगली आहे. सही करते. पाणी अजून तिसऱ्या दिवशी येतं.

आता कामाचं बोलतो, थोडक्यात, कारण जेवणाची वेळ झाली.

खिडकीवर "पुरावा नाही, अर्ज घेत नाही" म्हणाले तर परत येऊ नका. अर्ज घ्यायला लागतो. नाकारायचा असेल तर कारण लिहून द्यायला लागतं, कायद्यात आहे. त्याच्यावर तीस दिवसांत अपील आहे. तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे, तो नुसता वारा. कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, २००४ पासून साधा कागद चालतो. दारातला एजंट तुमच्याकडनं स्टँपचे पैसे घेतो ते त्याच्या पोटात जातात. लग्नाची नोंदणी करा. जुनं लग्न असलं तरी करा. पत्रिका, फोटो, बौद्धाचार्यांचा दाखला जपून ठेवा. बायकोचं नाव लग्नात बदलायची हौस असेल तर ती सोडा, माझ्या बायकोला दोन नावांची एकच बाई आहे हे सिद्ध करायला पाच महिने लागले. आणि माहेरच्या कार्डावरनं नाव कमी केल्याचा दाखला पाठवणीच्या वेळी पेटीत घाला, भांड्यांच्या आधी.

आजा शाळेत गेला नसेल तर चुलत आजा बघा, त्याचा भाऊ बघा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूपुढं जात लिहिलेली असते. आणि महार वतनाचे कागद बघा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात ज्या वतनाविरुद्ध बिल आणलं, जे शेवटी १९५९ च्या ऑगस्टात गेलं, त्या गुलामीच्या वहीत आपल्या पणज्याचं नाव आहे. राग येतो. मलाही आला. पण ती वही आपली नाही म्हणून सोडू नका, तिच्यातनं आपला माणूस काढून घ्यायचा. सांगलीच्या रेकॉर्डात सापडलं नाही तर साताऱ्याला जायचं.

येत्या रविवारी आम्ही तेच करणार आहोत. वस्तीतल्या एकवीस घरांच्या पिशव्या गोळा झाल्या आहेत. त्यातल्या नऊ घरांत बाई सरहद्दीपलीकडची आहे. त्या नऊ जणींचे अर्ज आम्ही मुद्दाम भरणार, नकार लेखी घेणार आणि नऊ नकार घेऊन खासदाराच्या दारात बसणार. तो म्हणेल, हे माझ्या हातात नाही. कलम ३४१ चा दुसरा भाग तिथंच वाचून दाखवायचा, यादी बदलायचा हक्क संसदेलाच आहे.

दोन माणसं कमी पडतात. जुन्या वह्या मोडीत आहेत. मोडी वाचणारा कुणी असेल, किंवा कुणाचा आजा, गुरुजी, कुणीही, तर आत्ताच हात वर करा. दुसरी गोष्ट, विजापूरकडचे कागद कानडीत येतील. तिची काळजी नको. कानडी वाचणारी आमच्याकडं आहे. शेवटच्या रांगेत बसली आहे, खांबाला टेकून. जाताना तिच्याकडं नाव लिहून जा.